तीच वही, तीन लायब्रऱ्या: डेटा ग्रिडची जुळवणी कशी करावी

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर नवा प्रोग्रॅम दाखवत होतो. स्क्रीनवर ग्रिड होती: तारीख, शेतकरी, गाव, मालाचा प्रकार, घड, वजन, दर, गाडी नंबर, रक्कम. दिवाणजींनी चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "मले निंभोऱ्याचे पाटील दाखव भो. नवतीवाले." (नवती हा केळीच्या मालाचा एक प्रकार.)

मी शेतकऱ्याच्या रकान्यावर 'पाटील' असा फिल्टर लावला. जवळजवळ अर्धी वही तशीच राहिली. रावेर-यावल पट्ट्यात पाटील, चौधरी, महाजन, कोळी ही आडनावं इतकी आहेत की नुसत्या आडनावाने माणूस सापडत नाही. त्याला गाव जोडावं लागतं, मालही जोडावा लागतो. म्हणून गावाच्या रकान्यावर 'निंभोरा' लावायला गेलो, तर आधीचा 'पाटील' निघून गेला. एका वेळी एकच फिल्टर. दिवाणजी काही बोलले नाहीत, त्यांनी एक्सेलची फाइल उघडली आणि तीन फिल्टर लावून चार ओळी समोर ठेवल्या.

काम घेण्याआधी मी कुठल्या ग्रिडमध्ये काय काय मिळतं त्याचा तुलनेचा तक्ता बघितला होता. त्यात या ग्रिडसमोर 'फिल्टर' या शब्दाखाली बरोबरची खूण होती. खूण खोटी नव्हती, फिल्टर होताच. पण दिवाणजींच्या डोक्यातला फिल्टर आणि तक्त्यातला फिल्टर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. सावद्याचं काम रिॲक्टमध्ये होतं. त्यानंतर धुळ्याच्या एका दूध संकलनाचं काम अँग्युलरमध्ये केलं आणि नंदुरबारच्या मिरचीचं व्ह्यूमध्ये. वेबपानाची स्क्रीन उभी करायच्या या तीन जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या. तिन्हीकडे मागणी साधारण तीच, शब्दही तेच, आणि तिन्हीकडे त्या शब्दांचे अर्थ वेगळे निघाले. खानदेशात आता असं काम करणारी पोरं बरीच आहेत, विद्यापीठातून दर वर्षी नवी येतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

टेबल आणि ग्रिड

वेबपानावर तक्ता मांडायची सोय जुनी आहे. १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये टेबल होतं. ते म्हणजे बाजार समितीचा फलक: किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वाचायचं आणि निघायचं. ग्रिड म्हणजे पेढीवरची रोज उघडी असलेली वही. तिच्यात शोधायचं, क्रम लावायचा, आकडा दुरुस्त करायचा, गाववार बेरीज काढायची, नावाचा रकाना जागेवर धरून उजवीकडे सरकायचं. दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरसाठी वेबचे जे नियम आहेत, त्यांतही टेबल आणि ग्रिड या दोन वेगळ्या भूमिका मानल्या आहेत. टेबल वाचायचं असतं, ग्रिडमध्ये बाणांच्या कळांनी एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये फिरता आलं पाहिजे.

हा फरक आधी मनाशी पक्का करावा, कारण 'डेटा टेबल' नावाने मिळणारी बरीच साधनं खरोखर टेबलच असतात. अँग्युलर मटेरियलचं टेबल घ्या. क्रम लावणं, पानं पाडणं, रकाना चिकटवून ठेवणं एवढं ते नीट करतं. सेलमध्ये टाइप करून दुरुस्ती किंवा बाणांनी फिरणं त्यात तयार मिळत नाही, आणि ते तसं सांगतही नाही. त्यात दोष काही नाही. फक्त दूध संकलनाच्या केंद्रावर पहाटे पाचला फॅट आणि एसएनएफचे (दुधातल्या फॅटशिवायच्या घन घटकांचे) आकडे भराभर भरणाऱ्या माणसाला एंटर दाबला की खालच्या ओळीत जायचं असतं, आणि ती सोय तुम्हाला बांधावी लागते.

मोटार, पाइप आणि ठिबक

रिॲक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, व्ह्यू २०१४ मध्ये आलं, आजचं अँग्युलर २०१६ मध्ये. काटेकोर बोलायचं तर अँग्युलर हा पूर्ण सांगाडा आहे आणि रिॲक्ट ही लायब्ररी, पण इथे तिन्हींना लायब्ररीच म्हणतो. स्क्रीन रंगवायची तिघांची पद्धत वेगळी, म्हणून ग्रिड तिघांत वेगवेगळ्या तऱ्हेने बसते.

आपल्याकडे ठिबक ज्याने शेतात अंथरलं आहे त्याला हे लगेच कळेल. काही कंपन्या संपूर्ण संच देतात: मोटारीपासून शेवटच्या ड्रीपरपर्यंत सगळं एका मापाचं, एकाच शेतासाठी आखलेलं. एमयूआय एक्सची डेटा ग्रिड अशी रिॲक्टसाठी आहे, अँग्युलर मटेरियलचं टेबल अँग्युलरसाठी, व्हुएटिफायचं टेबल व्ह्यूसाठी. त्या त्या शेतात ती छान बसतात, दुसऱ्या शेतात नेता येत नाहीत.

काही जण एकच पंप बनवतात आणि वेगवेगळ्या पाइपांसाठी वेगवेगळे जोड देतात. एजी ग्रिड ही अशी आहे. तिच्या नावातलं 'एजी' हे 'ॲग्नॉस्टिक' या शब्दावरून आलं, म्हणजे कुठल्याही एका लायब्ररीला न बांधलेली. आत एकच यंत्र, बाहेर रिॲक्टचा, अँग्युलरचा, व्ह्यूचा जोड, आणि साध्या जावास्क्रिप्टमध्येही चालते. हॅन्डसॉनटेबलही याच जातीची.

तिसरी तऱ्हा टॅनस्टॅक टेबलची. ती तुम्हाला फक्त मोटार देते. क्रम कसा लावायचा, गाळायचं कसं, गट कसे पाडायचे हा सगळा हिशेब ती करते. स्क्रीनवर एक रेघसुद्धा ओढत नाही. पाइप, व्हॉल्व्ह, नळ्या तुमच्या. आधी ती 'रिॲक्ट टेबल' या नावाने होती, २०२२ च्या आठव्या आवृत्तीपासून ती व्ह्यू, सॉलिड, स्वेल्ट या दुसऱ्या लायब्रऱ्यांनाही जोडता येऊ लागली.

आणखी एक प्रकार फसवा वाटू शकतो. प्राइमएनजी (अँग्युलरसाठी), प्राइमरिॲक्ट, प्राइमव्ह्यू ही एकाच घरातली तीन भावंडं. दिसायला सारखी, शब्दही सारखे, पण तिघांचा कोड स्वतंत्र लिहिलेला आहे. एका भावाला जमतं ते दुसऱ्याला आज, याच आवृत्तीत जमतं असं गृहीत धरू नये. प्रत्येकाचं पान वेगळं उघडून बघावं.

म्हणून तुलनेच्या तक्त्यात खूण दिसली की मी तिच्याशेजारी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो: हे काम ग्रिड स्वतः करते की मला करायचंय, ते ब्राउझरमध्ये होतं की सर्व्हरवर, आणि ते फुकटच्या आवृत्तीत आहे की विकतच्या.

फिल्टर

सावद्याच्या गोष्टीकडे परत येतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एमयूआय एक्सच्या फुकटच्या आवृत्तीत रकान्यावरचा फिल्टर एका वेळी एकच लागतो. एकाहून जास्त हवे असतील तर विकतची प्रो आवृत्ती. पण त्याच फुकटच्या आवृत्तीत 'क्विक फिल्टर' नावाचा एक शोधखाना आहे, आणि त्याचा स्वभाव वेगळा आहे. तुम्ही त्यात 'पाटील निंभोरा नवती' असं लिहिलं तर तो मोकळ्या जागेवर शब्द तोडतो आणि ज्या ओळीत तिन्ही शब्द कुठल्या ना कुठल्या रकान्यात आहेत तीच ओळ ठेवतो. दिवाणजींना हवं होतं ते नेमकं हेच. एजी ग्रिडचा क्विक फिल्टरही शब्द तोडूनच शोधतो.

आता हाच शोधखाना अँग्युलर मटेरियलमध्ये बांधा. तिथला तयार डेटा-स्रोत तुम्ही लिहिलेला मजकूर तोडत नाही, अखंड तुकडा म्हणून शोधतो. 'पाटील' सापडेल, 'निंभोरा' सापडेल, पण 'पाटील निंभोरा' लिहिलं तर स्क्रीन कोरी होईल, कारण असा सलग मजकूर एकाही सेलमध्ये नाही. धुळ्याच्या कामात संकलन केंद्रावरचा मुलगा मला फोन करून म्हणाला, "दादा, नोंदी उडाल्या!" नोंदी होत्या तिथेच होत्या. गाळण्याचं सूत्र स्वतःचं द्यायची सोय मटेरियलमध्ये आहे, चार ओळींचं काम आहे, पण ते आपल्याला करायचंय हे आधी माहीत असायला हवं. व्हुएटिफायचा शोधही असाच अखंड चालतो, आणि तिथेही स्वतःचं सूत्र देता येतं.

टॅनस्टॅकमध्ये हवे तितके रकाने एकत्र गाळता येतात, तेही फुकट. पण खाना, यादी, 'साफ करा'चं बटण, सगळं तुम्ही काढायचं.

म्हणजे चार-पाच ग्रिड, सगळ्यांसमोर 'फिल्टर'ची खूण, आणि दिवाणजींच्या एका साध्या वाक्याला प्रत्येकीचं उत्तर वेगळं. यात आणखी एक थर आहे. वर्षभराच्या चाळीस हजार नोंदी सर्व्हरवर आहेत आणि ब्राउझरमध्ये पन्नासच आल्या आहेत अशा वेळी ब्राउझरमधला फिल्टर फक्त त्या पन्नासांत शोधतो. वापरणाऱ्याला वाटतं की निंभोऱ्याचा पाटील वहीत नाहीच. हिशेबाच्या कामात अशी चूक फार महागात पडते, कारण ती चूक आहे असं कोणाला दिसत नाही.

एकच गोष्ट, पाच नावं

हे टाळायला 'गाळायचं आणि क्रम लावायचं काम सर्व्हर करेल, तू फक्त दाखव' असं ग्रिडला सांगावं लागतं. हे सांगायची सोय जवळजवळ सगळ्यांकडे आहे, पण नावं इतकी वेगळी की शोधताना माणूस थकतो. एमयूआयमध्ये 'सॉर्टिंग मोड' आणि 'फिल्टर मोड' यांना 'सर्व्हर' ही किंमत द्यायची. टॅनस्टॅकमध्ये त्याला 'मॅन्युअल सॉर्टिंग', 'मॅन्युअल फिल्टरिंग', 'मॅन्युअल पेजिनेशन' म्हणतात, म्हणजे 'हे मी बघून घेतो'. प्राइमच्या भावंडांत शब्द 'लेझी' आहे. व्हुएटिफायने सर्व्हरसाठी वेगळं टेबलच दिलंय. एजी ग्रिडमध्ये याला 'रो मॉडेल' म्हणतात: स्क्रोल करताना सर्व्हरकडून तुकड्या-तुकड्याने ओळी आणणारं 'इन्फिनिट' मॉडेल फुकट आहे, तर सर्व्हरवरच गट पाडून आणणारं 'सर्व्हर-साइड' मॉडेल विकतच्या एंटरप्राइझ आवृत्तीत.

रकाना जागेवर धरून ठेवायचंही असंच. एक्सेलमध्ये आपण त्याला 'फ्रीज' म्हणतो. एजी ग्रिड आणि एमयूआय 'पिन' म्हणतात, मटेरियल 'स्टिकी', प्राइम 'फ्रोझन', व्हुएटिफाय 'फिक्स्ड'. टॅनस्टॅकमध्येही 'पिनिंग' आहे, पण ती फक्त कुठला रकाना पिन केलाय एवढं लक्षात ठेवते. तो खरोखर जागेवर थांबेल अशी सजावट तुम्ही लिहायची. आणि एमयूआयमध्ये ही सोय प्रो आवृत्तीत आहे, एजी ग्रिडमध्ये फुकट. गाडी नंबरापर्यंत उजवीकडे सरकल्यावर शेतकऱ्याचं नाव दिसेनासं झालं तर ती वही पेढीवर कोणी वापरत नाही. म्हणून ही छोटी वाटणारी सोय माझ्या यादीत फार वर असते.

क्रम लावणं आणि मराठी

क्रम लावणं सगळ्यांकडे आहे. तरी इथे थांबतो, कारण आपला डेटा मराठी आहे.

जावास्क्रिप्टला काही न सांगता १, १०, ९ या आकड्यांचा क्रम लावायला सांगा. उत्तर येतं १, १०, ९. कारण ती आकड्यांना आधी मजकूर समजते, आणि मजकुरात '१०' ची सुरुवात '१' ने होते म्हणून तो '९' च्या आधी. बहुतेक ग्रिड हा खड्डा टाळतात, पण तुमचा डेटा मुळात आकडा असेल तरच. वजन जर देवनागरी अंकांत मजकूर म्हणून साठवलं असेल तर जावास्क्रिप्ट त्याचा आकडा करू शकत नाही. तिच्या लेखी ते 'आकडा नाही' असंच ठरतं. म्हणून साठवताना आकडा आकडा म्हणून ठेवायचा आणि दाखवताना त्याला मराठी रूप द्यायचं. त्यासाठी ब्राउझरमध्येच 'इंटल' नावाची सोय आहे: तिला मराठीची खूण दिली की बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही रक्कम १२,३४,५६७ अशी, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन येते. तारखेचंही तेच. '०५/११' असा मजकूर साठवला तर क्रम दिवसाने लागतो आणि जानेवारी-नोव्हेंबर एकात एक मिसळतात.

गावांची नावं त्याहून नाजूक. युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांची यादी. तिच्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. त्यामुळे नुसत्या युनिकोडच्या क्रमाने जळगाव हे जवखेड्याच्या आधी येतं, मराठी क्रमाने नंतर यायला हवं. 'क्ष' ने सुरू होणारी नावंही 'क' मध्ये जाऊन बसतात, कारण आतून तो क आणि ष यांचा जोड आहे. 'इंटल'मधल्या 'कोलेटर'ला, म्हणजे मजकुराची तुलना करणाऱ्या भागाला, मराठीची खूण दिली की क्रम मराठी नियमाने लागतो. प्रश्न एवढाच की तुमची ग्रिड तो कोलेटर वापरते का. एजी ग्रिड सहसा साधी तुलना करते. भाषेनुसार तुलना हवी असेल तर 'ॲक्सेंटेड सॉर्ट' नावाचा पर्याय चालू करावा लागतो, आणि त्याने वेग थोडा कमी होतो. मटेरियलही साधीच तुलना करतं. एमयूआय आतून कोलेटर वापरते, पण भाषा ब्राउझरची धरते, आणि पेढीवरचा ब्राउझर बहुधा इंग्रजीत असतो. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे नावांच्या रकान्याला स्वतःचं तुलनेचं सूत्र देणं. ही सोय मला प्रत्येक ग्रिडमध्ये सापडली आहे.

'आधी गावाने, मग नावाने' असा दुहेरी क्रम एजी, टॅनस्टॅक, प्राइम, व्हुएटिफाय यांत मिळतो. एमयूआयमध्ये प्रो लागते. मटेरियलमध्ये एका वेळी एकच रकाना.

चाळीस हजार ओळी

चाळीस हजार ओळी आणि बारा रकाने म्हणजे चार लाख ऐंशी हजार सेल. एवढे सगळे एकदम रंगवायला सांगितले तर पेढीवरचा जुना संगणक बसतो. म्हणून ग्रिड खिडकीत दिसणाऱ्या पंचवीस-तीस ओळीच रंगवते आणि सरकवलं की त्याच जागी पुढच्या ओळी आणते. याला व्हर्च्युअल स्क्रोलिंग म्हणतात. एजी ग्रिडमध्ये ते आपोआप चालू असतं. टॅनस्टॅकमध्ये टेबलसोबत येत नाही, 'टॅनस्टॅक व्हर्च्युअल' हे वेगळं साधन जोडावं लागतं. व्हुएटिफायमध्ये त्यासाठी वेगळं टेबल आहे. एमयूआयच्या फुकटच्या आवृत्तीत एका पानावर जास्तीत जास्त शंभर ओळी.

याच्या सोबत दोन गोष्टी येतात ज्या तक्त्यात कधी लिहिलेल्या नसतात. पहिली: ब्राउझरचा स्वतःचा शोध, कंट्रोल-एफ, न रंगवलेल्या ओळी बघू शकत नाही. आणि कंट्रोल-पी दाबलं तर छापून तेवढ्याच ओळी येतात. दिवाणजी महिनाअखेरीला शेतकऱ्याची पट्टी छापतात, त्यांना ही अडचण पहिल्याच महिन्यात आली. एमयूआयमध्ये छपाईसाठी वेगळी निर्यात आहे, एजी ग्रिडमध्ये छपाईची वेगळी मांडणी. ती मुद्दाम लावावी लागते.

दुसरी ओळीच्या उंचीची. वेगासाठी ग्रिड सगळ्या ओळी एका उंचीच्या धरते, आणि ती उंची बहुधा रोमन अक्षरांच्या मापाने ठरलेली असते. देवनागरीत वर वेलांटी, रफार, खाली उकार, जोडाक्षराचा पाय. ओळ बुटकी असली की 'कुऱ्हा' या गावाच्या नावाचा खालचा भाग कापला जातो. चार-सहा पिक्सेल वाढवले की काम होतं, पण ते मराठी डेटा टाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

सरासरी दर

गाववार गट पाडून खाली बेरीज दाखवणं एजी ग्रिडमध्ये एंटरप्राइझला आहे, एमयूआयमध्ये विकतच्या प्रीमियमला. टॅनस्टॅकमध्ये हिशेब फुकट, रंगवणं तुमचं. व्हुएटिफाय आणि प्राइम गट पाडून देतात. मटेरियलमध्ये तयार काही नाही. इथवर नेहमीचंच.

मला काळजी वाटते ती सरासरीची. समजा एका गावातून दोन वक्कल, म्हणजे मालाचे दोन लॉट, आले: १० क्विंटल २००० रुपयांनी आणि ९० क्विंटल १००० रुपयांनी. ग्रिडमधली तयार सरासरी दोन दरांची बेरीज करून दोनने भागते आणि १५०० दाखवते. पेढीवरचा कोणीही सांगेल की हे चूक आहे. एकूण रक्कम १,१०,००० रुपये, एकूण वजन १०० क्विंटल, म्हणजे खरा सरासरी दर ११००. क्विंटलमागे चारशे रुपयांचा फरक! ज्या ग्रिडमध्ये तयार सरासरी आहे तिच्यासमोर खूण आहे, आणि शेतमालासाठी ती खूण तशीच स्वीकारली तर शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला चुकीचा आकडा दिसणार. वजनाने गुणून काढलेली सरासरी आपल्याला सूत्र लिहून द्यावी लागते. दुधातही हेच: दोन कॅनची फॅट लिटरने गुणल्याशिवाय सरासरी काढता येत नाही. आणि ओळी सर्व्हरवर असतील तर ही सरासरी सर्व्हरनेच काढून पाठवायची, पानावरच्या पन्नास ओळींची नाही.

लायब्ररीचा स्वभाव

वैशिष्ट्यं तंतोतंत जुळली तरी ग्रिड आणि लायब्ररी यांचे स्वभाव जुळावे लागतात.

रिॲक्टचा आग्रह असतो की जुना डेटा जागेवर बदलू नका, बदल असलेली नवी प्रत द्या. एजी ग्रिडमध्ये सेलमध्ये दर बदलला की ती नेहमीच्या रीतीने तुमच्याच मूळ नोंदीत तो दर लिहून टाकते. रिॲक्टला बदल झाल्याचं कळत नाही, आणि खालची एकूण रक्कम जुनीच राहते. यासाठी तिच्यात 'रीड-ओन्ली एडिट' हा पर्याय आहे: ग्रिड फक्त 'बदल मागितलाय' असं सांगते, लिहायचं काम तुमचं. टॅनस्टॅकमध्ये उलटी खबरदारी. रिॲक्टमध्ये दर वेळी रकान्यांची यादी नव्याने बनवून दिलीत तर ती प्रत्येक वेळी नवा डेटा आला असं समजून पुन्हा पुन्हा रंगवत बसते.

व्ह्यू डेटावर बारीक लक्ष ठेवतं, प्रत्येक नोंदीच्या आतपर्यंत. चाळीस हजार नोंदींवर असं लक्ष ठेवायला लावलं तर ते जड होतं. 'शॅलो रेफ' वापरून फक्त वरच्या यादीवर लक्ष ठेवायला सांगितलं की हलकं होतं. अँग्युलरमध्ये प्रत्येक ओळीची ओळख काय हे सांगितलं नाही तर एक नोंद बदलली तरी ओळी नव्याने उभ्या राहू शकतात. पावती नंबर ही उत्तम ओळख. तो बदलत नाही.

आणि सेलमध्ये बदललेला आकडा जतन झाला असं कोणीही धरू नये. तो फक्त ब्राउझरच्या स्मरणात असतो. एमयूआयमध्ये ओळ बदलली की तुमचं एक फंक्शन बोलावलं जातं. सर्व्हरने नाही म्हटलं तर जुना आकडा परत आणायचं कामही त्याच फंक्शनचं. बागेच्या बांधावर नेटवर्क येतं-जातं, वीज जाते. तिथे हे फंक्शन किती नीट लिहिलंय यावर दिवसाचा हिशेब अवलंबून असतो. तक्त्यात मात्र 'एडिटिंग' एवढाच शब्द आणि एक खूण.

निर्यातीचं थोडक्यात सांगतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, एजी आणि एमयूआय दोन्हींत फुकट आहे, खरी एक्सेल फाइल दोन्हींत विकतची. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते सांगणारी) खूण नाही असं समजावं. एमयूआयमध्ये ती जोडायचा पर्याय आहे. परवान्याकडेही आवृत्तीगणिक बघावं: हॅन्डसॉनटेबल २०१९ पर्यंत मुक्त परवान्यावर होती, नंतर व्यावसायिक वापरासाठी पैसे लागू लागले. जुना लेख वाचून कोणी ती 'फुकट' म्हणून सुचवली तर त्याला हे सांगावं.

मी आता काय करतो

सावद्याला शेवटी एमयूआयची फुकटची आवृत्तीच ठेवली. वर एक शोधखाना, त्याच्याशेजारी गाव आणि माल निवडायच्या आम्ही बनवलेल्या दोन याद्या, आणि गाळायचं काम सर्व्हरवर. ग्रिड फक्त दाखवते. धुळ्याला मटेरियलचं टेबल अहवालापुरतं ठेवलं आणि भरणाऱ्याच्या स्क्रीनवर एजी ग्रिडची फुकटची आवृत्ती आणली, कारण पहाटेच्या घाईत एंटर आणि बाणांच्या कळा तिथे हाताशी तयार होत्या.

नवं काम आलं की आधी एक सकाळ त्या जागी बसतो. वही कोण भरतं, कोण वाचतं, कुठला प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. 'निंभोऱ्याचे नवतीवाले पाटील' ही ओळ माझ्या डायरीत अजून आहे. मग त्या गावांची, त्या आडनावांची, ळ आणि ऱ्हा असलेली चाळीस हजार नोंदींची नमुना फाइल बनवतो आणि ज्या दोन-तीन ग्रिड मनात असतील त्यांत तीच फाइल टाकून तेच दहा प्रश्न विचारतो. दोन दिवस जातात. तक्ता त्यानंतर उघडतो.

नंदुरबारला अशाच एका सकाळी मिरचीच्या पथारीवर उभा होतो. ओली लाल मिरची येते, पसरतात, वाळते, वजन घटतं, आणि एका ओल्या वकलाचे पुढे प्रतवारीनुसार दोन-तीन सुके भाग होतात. म्हणजे एका ओळीच्या पोटात आणखी ओळी. एजी ग्रिडमध्ये ही सोय एंटरप्राइझला, एमयूआयमध्ये प्रोला, टॅनस्टॅकमध्ये फुकट, प्राइमव्ह्यूमध्ये त्यासाठी वेगळं ट्री टेबल, व्हुएटिफायमध्ये ओळ उघडून आत हवं ते मांडता येतं. आमचं काम व्ह्यूत असल्याने व्हुएटिफायची उघडणारी ओळ घेतली. पथारीच्या मालकांनी कागदावरचा आराखडा बघून एकच विचारलं, "घट कुठल्या ओळीत दिसेल?" वरच्या ओळीत: ओलं वजन वजा सुक्या भागांची बेरीज, न उघडताही दिसेल अशी. ते सूत्र काल रात्री लिहून झालं.